जुन्या दिरहॅमची दुर्बीण

या गावाचं नाव उम्म नवरस,
म्हणजे कुरव पक्ष्यांची आई.
लेकरं अजून येतात. हातातले चिप्स पळवतात.

चौऱ्याहत्तर साली टकवेल साहेबाने इथे धक्का बांधला.
बँकेतला माणूस, तेलाच्या खात्यांत गळ्यापर्यंत बुडालेला,
आणि मनात त्याचं ते इंग्लंडातलं चिमुकलं गाव,
जिथे म्हणे लोक पावसात खुर्च्या टाकून समुद्र बघतात
आणि त्याला सुट्टी म्हणतात.
नकाशा म्हणून एक पोस्टकार्ड, बस.
दाभोळच्या हसनमियाँ सोलकरांनी ते
आधी उलटं धरून बघितलं, मग सुलटं.
म्हणाले, समुद्रात जाऊन परत यायचा रस्ता? होईल.

एकशे बारा पावलं.
टोकाला ना होडी लागत, ना माल उतरत.
फक्त एक दुर्बीण,
एका दिरहॅमला दोन मिनिटं.

गावातल्या म्हाताऱ्यांना हसू आवरेना.
त्यांचे बाप मोत्यांसाठी तळ गाठायचे
नाकाला चिमटा, पायाला दगड लावून,
आणि हा पैसे घेऊन पाणी
नुसतं लांबून दाखवणार!

पण लोक आले.
शारजाच्या नर्सा, अबुधाबीचे ड्राफ्ट्समन,
बुटांत वाळू नको म्हणून बूट डोक्यावर धरणारा एक पाद्री.
हंगाम तेवढा उलटा पडला.
तिकडचा बहर जुलैतला. इकडे जुलैत
लाकडी खोल्यांचा रंग पापुद्र्यांनी सुटायचा,
कडीला हात लावला तर डाग.
नोव्हेंबर लागला की सोलकर पुन्हा डबे उघडत:
निळी, पिवळी, निळी, पिवळी, नऊ खोल्या.
मुलांना फिरवायला गाढवंही ठेवली होती,
पण ती पोस्टकार्डातल्यासारखी सोशिक निघाली नाहीत.

मी आलो तेव्हा साहेब गेलेला, वह्या उरलेल्या.
वह्यांतून आठवडा सरकताना दिसतो.
गर्दी आधी गुरुवार-शुक्रवार,
मग शुक्रवार-शनिवार,
आता शनिवार-रविवार.
भरती-ओहोटीला हे परिपत्रक
कुणी पाठवलं नसावं.

पंचाण्णव साली दिरहॅमचं नाणं लहान झालं
आणि दुर्बीण आंधळी झाली.
नवं नाणं खाचेतून खुळखुळत थेट पेटीत.
तक्रारवहीत एका बाईंनी लिहिलंय:
पैसे गेले, दिसलं काहीच नाही.
खाली सोलकरांच्या अक्षरात, मराठीत:
बाई, सगळ्यांचं तेच.

सोमवारी धक्का तोडणार आहेत.
नव्या कंपनीचा माणूस कालच फळ्या मोजून गेला,
एकशे बारा पावलांचे त्याने मीटर केले.

संध्याकाळी उम्म खल्फान आल्या, रोजच्यासारख्या,
स्वतःची खुर्ची, स्वतःचा थर्मास.
शेलाच्या टोकाची गाठ दातांनी सोडून
त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला
एक मोठा, जड, जुना दिरहॅम.
म्हणाल्या, तू आधी.

पडदा उघडला, त्याचा आवाज झाला.
आधी नुसतं मिठाचं धुकं.
मग वाळू ओकणारी एक बोट,
जिथे बेट व्हायचंय तिथे.
मग मी दुर्बीण गंजासकट किनाऱ्याकडे वळवली.
नऊ खोल्या. माझं ऑफिस.
दिवा तसाच, पंखा तसाच चालू,
भिंतीवर पोस्टकार्ड असणार, पण तेवढं दिसेना.

अर्धं मिनिट उरलं असताना बाजूला झालो.
उम्म खल्फाननी ती फिरवली
जिकडे काहीच नव्हतं, पाणी फक्त,
आणि हरवलेली पळी सापडावी तशा म्हणाल्या,
हां. आहे.

खट्.

रात्री वही पुरी केली.
जमा: दुर्बीण, दिरहॅम एक, जुना.